सर्व्हरसाठी रॅम निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरची रॅम घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती जीबी?' खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. रॅमचा प्रकार प्रोसेसर आणि मदरबोर्डने आधीच ठरवलेला असतो, तिथे आपल्याला फारसं स्वातंत्र्य नसतं. आपल्या हातात उरतं ते एवढंच: किती स्टिक घ्यायच्या, केवढ्या घ्यायच्या आणि कुठल्या स्लॉटमध्ये लावायच्या. प्रकार चुकला तर मशीन सुरूच होत नाही, म्हणजे चूक लगेच कळते. मांडणी चुकली तर मशीन सुरू होतं, वर्षानुवर्षं चालतं, आणि ते हळू चालतंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

डेस्कटॉपची रॅम सर्व्हरला चालेल का?

रॅक सर्व्हरला नाही. डीडीआर४ मध्ये (डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या) गोंधळ जास्त होतो, कारण डेस्कटॉपची यूडिम आणि सर्व्हरची आरडिम या दोन्हींना २८८ पिना असतात आणि मधली खाचही एकाच जागी असते. स्टिक स्लॉटमध्ये नीट बसते, पण मशीन बूट होत नाही. डीडीआर५ मध्ये हा घोळ काढून टाकला आहे. तिथे पिना २८८च आहेत, पण आरडिम आणि यूडिमची खाच वेगळ्या जागी आहे. आरडिमला बोर्डाकडून १२ व्होल्ट मिळतात, यूडिमला ५, आणि पुढचं व्होल्टेज स्टिकवरची चिप स्वतः तयार करते. म्हणून डीडीआर५ ची स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. ती चुकीची स्टिक आहे.

यूडिम, आरडिम, एलआरडिम यांत फरक काय?

यूडिममध्ये प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर थेट रॅमच्या चिपांशी बोलतो. चिपा जितक्या जास्त, तितका कंट्रोलरवरचा विजेचा भार जास्त, म्हणून यूडिमची एकूण क्षमता लवकर अडते. आरडिममध्ये स्टिकच्या मधोमध रजिस्टरची एक चिप असते. ॲड्रेस आणि कमांडचे सिग्नल ती आधी स्वतःकडे घेते आणि पुढे सोडते. त्यात क्लॉकचा एक ठोका जास्त जातो, पण एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एका स्वतंत्र वाटेवर, जास्त आणि मोठ्या स्टिक चालतात. एलआरडिममध्ये डेटाच्या रेषांनाही बफर असतो. डीडीआर४ च्या एलआरडिमवर सोनेरी कडेच्या वर ओळीने नऊ छोट्या चिपा दिसतात, त्या याच.

डीडीआर४ मध्ये ३२ जीबीपर्यंत आरडिम पुरते. ६४ जीबीच्या स्टिक दोन्ही प्रकारांत मिळतात. १२८ जीबीची स्टिक जुन्या बाजारात बहुतेक वेळा एलआरडिमच असते. डीडीआर५ मध्ये एलआरडिम जवळपास उरलेली नाही. तिथे मोठ्या क्षमतेसाठी चिपांचे थर एकावर एक रचलेली ३डीएस आरडिम वापरतात. इंटेलच्या झिऑन ६ मालिकेतले काही प्रोसेसर एमआरडिम नावाचा नवा प्रकारही चालवतात, ८८०० च्या वेगाने (हा आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा पाठवला जातो ते). ज्याला तो लागतो त्याला ते बहुधा आधीच माहीत असतं.

माझ्या सर्व्हरला कुठला प्रकार लागतो हे कसं ओळखायचं?

प्रोसेसरच्या नावावरून. नेहमी दिसणारी मशीन अशी:

- झिऑन ई५-२६०० व्ही३ आणि व्ही४, म्हणजे डेल आर७३० किंवा एचपी डीएल३८० जेन९: डीडीआर४ आरडिम किंवा एलआरडिम, प्रत्येक प्रोसेसरला ४ चॅनल, कमाल वेग अनुक्रमे २१३३ आणि २४००.
- झिऑन स्केलेबल पहिली आणि दुसरी पिढी, म्हणजे डेल आर७४० किंवा डीएल३८० जेन१०: ६ चॅनल, २६६६ आणि २९३३.
- झिऑन स्केलेबल तिसरी पिढी, आइस लेक: ८ चॅनल, ३२००.
- चौथी आणि पाचवी पिढी: डीडीआर५, ८ चॅनल, ४८०० आणि ५६००.
- एएमडी एपिक ७००१ ते ७००३: डीडीआर४, ८ चॅनल. एपिक ९००४ आणि ९००५: डीडीआर५, १२ चॅनल.
- झिऑन ई-२३०० आणि ई-२४००, म्हणजे छोट्या ऑफिसांतले टॉवर सर्व्हर: ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) यूडिम, २ चॅनल, जास्तीत जास्त १२८ जीबी. पहिल्याला डीडीआर४, दुसऱ्याला डीडीआर५.

कमाल वेग मालिकेतल्या सगळ्यात वरच्या मॉडेलचा असतो. स्वस्तातल्या मॉडेलांचा त्याहून कमी असतो.

यादीतल्या शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टॉवर सर्व्हर आहे म्हणून 'सर्व्हर रॅम' मागितली जाते, दुकानदार आरडिम देतो आणि ती चालत नाही. दुकानात 'ईसीसी अनबफर्ड' असं स्पष्ट सांगा.

ईसीसी म्हणजे नेमकं काय? खरंच लागते का?

६४ बिट डेटाबरोबर ८ बिट जास्तीचे ठेवायचे आणि वाचताना ताळा करायचा, ही ईसीसी. एक बिट बिघडला तर तो जागीच दुरुस्त होतो. दोन बिघडले तर दुरुस्त होत नाहीत पण पकडले जातात, आणि चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जात नाही. गूगलच्या सर्व्हरांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये दुरुस्त करता येणाऱ्या चुका आढळल्या होत्या. डेटाबेस, फाइल सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन यांतलं काहीही चालवत असाल तर ईसीसीवर वाद घालू नका.

रायझेन किंवा कोअर प्रोसेसरवर घरगुती सर्व्हर बांधणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या कोअर प्रोसेसरना ईसीसी चालते, पण बोर्ड डब्ल्यू६८० सारख्या वर्कस्टेशन चिपसेटचा हवा. रायझेनचे बरेच बोर्ड ईसीसी यूडिम घेतात, पण काही बोर्डांवर ती साध्या रॅमसारखी चालते आणि चुका दुरुस्त करत नाही. खात्री करण्यासाठी लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड चालवा. टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसली तर रॅम ईसीसीची आहे. कंट्रोलर ती खरोखर वापरतोय का, हे मेमरीच्या चुका नोंदवणारा ईडॅक ड्रायव्हर लोड झालाय का त्यावरून कळतं.

डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते ना? मग वेगळी कशाला?

जाहिरातींनी पसरवलेला हा गैरसमज आहे. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत १२८ बिटांमागे ८ बिटांचा ताळा असतो, कारण इतक्या बारीक चिपा त्याशिवाय पुरेशा संख्येने चांगल्या निघत नाहीत. तो चिपच्या पोटातल्या चुका झाकतो. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही, आणि दुरुस्त केलेल्या चुकीची खबर तो ऑपरेटिंग सिस्टिमला देत नाही. सर्व्हरची ईसीसी वेगळीच लागते.

स्टिकवरचं लेबल कसं वाचायचं?

एका स्टिकवर असं छापलंय समजा: ३२जीबी २आरएक्स४ पीसी४-२६६६व्ही-आरबी२-१२.

'३२जीबी' ही क्षमता. '२आर' म्हणजे दोन रँक (एकाच वेळी मिळून काम करणाऱ्या चिपांचे गट), आणि 'एक्स४' म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ४ बिट देते. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४, '२६६६' हा वेग. त्याला चिकटलेलं अक्षर लेटन्सी, म्हणजे डेटा मिळेपर्यंत जाणारे क्लॉकचे ठोके, सांगतं: २४००टी म्हणजे १७, २६६६व्ही म्हणजे १९, २९३३वाय म्हणजे २१, ३२००एए म्हणजे २२. त्यापुढच्या डॅशनंतरचं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. 'आर' असेल तर आरडिम, 'एल' तर एलआरडिम, 'ई' तर ईसीसी यूडिम, 'यू' तर साधी यूडिम. काही लेबलांवर २६६६ ऐवजी २१३०० असतं. २६६६ ला ८ ने गुणलं की साधारण तेच येतं, रॅम तीच.

लेबल खरवडलेलं असेल तर पार्ट नंबर बघा. सॅमसंगचा एम३९३ए ने सुरू होणारा नंबर डीडीआर४ आरडिमचा, एम३८६ एलआरडिमचा, एम३९१ ईसीसी यूडिमचा, एम३७८ साध्या यूडिमचा, आणि एम३२१ डीडीआर५ आरडिमचा. एसके हायनिक्सच्या एचएमए नंबरांत मधे 'आर७', 'एल७', 'यू७' किंवा 'यू६' येतं. सात म्हणजे ईसीसी, सहा म्हणजे बिनईसीसी. तेही वाचता येत नसेल तर चिपा मोजा. डीडीआर४ ईसीसी स्टिकवर मेमरीच्या चिपा नऊच्या पटीत असतात, साध्या स्टिकवर चार किंवा आठच्या.

२आरएक्स४ घ्यावी की २आरएक्स८?

दर दोन्हींचा सारखा असेल तर एक्स४. अख्खी एक चिप मेली तरी डेटा वाचवण्याची सोय, जिला इंटेल एसडीडीसी म्हणतं आणि आयबीएमने चिपकिल हे नाव दिलं, ती बहुतेक झिऑन मशीनवर एक्स४ चिपांवरच पूर्ण काम करते. एक्स८ मध्ये चिपा निम्म्या असतात, वीज थोडी कमी जाते, एवढाच फायदा.

३२०० ची रॅम लावली, पण मशीन २९३३ दाखवतं. रॅम खोटी आहे का?

नाही. वेग तिघांत जो सगळ्यात कमी असेल तो मिळतो: प्रोसेसरची मर्यादा, सगळ्यात हळू स्टिक आणि एका चॅनलवर किती स्टिक आहेत ते. चौथ्या पिढीच्या झिऑनवर चॅनलला एक स्टिक असेल तर ४८००, दोन लावल्या की ४४००. आर७३० मध्ये चॅनलला तीन स्लॉट आहेत. तिसरा भरला की वेग बराच खाली येतो. प्रोसेसर २९३३ वाला असेल तर ३२०० साठी जास्त पैसे देण्यात काही अर्थ नाही. २९३३ आणि ३२०० एकाच भावात मिळत असतील तर मात्र ३२०० घ्या, पुढच्या मशीनला उपयोगी पडेल.

किती स्टिक घ्याव्यात? थोड्या मोठ्या की जास्त लहान?

हिशेब आर७४० वर करू. दोन प्रोसेसर, प्रत्येकाला ६ चॅनल, एकूण २४ स्लॉट. २९३३ च्या वेगाने एक चॅनल सेकंदाला साधारण २३.५ जीबी डेटा वाहून नेतो.

६४ जीबीच्या ४ स्टिक लावल्या तर २५६ जीबी झाली, पण १२ पैकी ४ च चॅनल चालू. एकूण वहनक्षमता ९४ जीबीच्या आसपास. १६ जीबीच्या १२ स्टिक लावल्या तर १९२ जीबी, बाराही चॅनल चालू, २८० जीबीच्या आसपास. दुसऱ्या मांडणीत क्षमता चतुर्थांशाने कमी, पण वहनक्षमता तिप्पट. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनना हा फरक जाणवतो. नुसत्या फाइल शेअरिंगला फारसा जाणवत नाही. मधला मार्गही आहे: ३२ जीबीच्या ८, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला चार.

विक्रेते बहुधा थोड्या मोठ्या स्टिक सुचवतात आणि 'पुढे वाढवायला स्लॉट मोकळे राहतील' हे कारण देतात. कारण खोटं नाही. पण सहा चॅनलच्या मशीनला सहाच्या पटीत, आठच्या मशीनला आठच्या आणि बाराच्या मशीनला बाराच्या पटीत स्टिक भरल्या तरच ते पूर्ण वेगाने चालतं. एपिक ९००४ मध्ये ३२ जीबीच्या १२ लावल्या की ३८४ जीबी होते, ६४ च्या लावल्या की ७६८. तिथे ५१२ चा हट्ट धरलात तर मांडणी वेडीवाकडी होते.

दोन प्रोसेसर असतील तर दोघांकडे रॅम सारखी हवी. एकच प्रोसेसर असेल तर दुसऱ्याच्या बाजूचे स्लॉट मेलेले असतात. तिथे लावलेली रॅम दिसत नाही, आणि अर्ध्या तक्रारी याच असतात.

वेगवेगळ्या स्टिक मिसळता येतात का?

- आरडिम आणि एलआरडिम: नाही.
- ईसीसी आणि बिनईसीसी: सर्व्हरमध्ये नाही.
- वेगवेगळ्या कंपन्या: चालतात.
- वेगवेगळे वेग: चालतात, सगळ्या हळू स्टिकच्या वेगाने धावतात.
- वेगवेगळ्या क्षमता: चालतात, पण प्रत्येक चॅनलवर सारखीच जोडी बसेल असं बघा, आणि मोठी स्टिक चॅनलच्या पहिल्या स्लॉटमध्ये लावा.
- एक्स४ आणि एक्स८: जुन्या काही मशीनवर चालतात, नव्या डीडीआर५ मशीनवर बहुधा नाही. इथे मॅन्युअल उघडल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

शेवटी, किती जीबी?

कामावर आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१६ ते २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती एका इन्स्टन्सच्या बफर पूलसाठी, म्हणजे डेटा हाताशी ठेवायच्या जागेसाठी, १२८ जीबीच वापरते, एक्स्प्रेस तर जेमतेम १.४ जीबी. एक्स्प्रेसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी २५६ जीबी घेतली तर उरलेली रॅम नुसती तापत राहील. डेटाबेसच्या सर्व्हरवर एसक्यूएलला कमाल मेमरीची मर्यादा घालून द्या, नाहीतर विंडोजचा श्वास कोंडतो.

व्हर्च्युअल मशीनसाठी साधा हिशेब: सगळ्यांना दिलेल्या रॅमची बेरीज, होस्टसाठी ८ ते १६ जीबी आणि वर पाव भाग मोकळा. १६ जीबीची आठ मशीन म्हणजे १२८, होस्ट धरून १४४, मोकळा भाग धरून १८०. आर७४० वर याचं उत्तर वर आलेल्या १९२ मध्येच बसतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर तिच्या कॅशला मर्यादा ठरवून द्या आणि ती मर्यादा या बेरजेत धरा. टॅली आणि सामायिक फोल्डर एवढंच असलेल्या पंधरा-वीस जणांच्या ऑफिसला ३२ जीबी ईसीसी यूडिम, १६ च्या दोन, पुरते.

मेमरी मिररिंग चालू करावं का?

क्षमता निम्मी होते, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते. मशीन एक क्षणही बंद पडलेलं परवडत नसेल आणि दुसरा सर्व्हर तयार ठेवता येत नसेल, तरच.

सर्व्हर कंपनीचीच रॅम घ्यावी लागते का?

चिपा बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्याच असतात. डेल किंवा एचपीई वर आपलं लेबल लावतात. त्याच पार्ट नंबरची बाहेरची स्टिक डेलमध्ये सहसा विनातक्रार चालते. एचपीई मशीन बूट होताना ती आपली स्मार्टमेमरी नसल्याचं कळवतं, पण चालवतं. वॉरंटीत असलेल्या मशीनला मात्र तक्रार नोंदवताना बाहेरची रॅम काढून दाखवायला सांगतात, हे लक्षात ठेवा.

जुनी रॅम घेताना काय बघावं?

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनी डीडीआर४ आरडिम नव्याच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळते, आणि रॅम डिस्कसारखी झिजत नाही, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव वेगाने चढले, तेव्हा जुने कोटेशन धरून बसू नका. लेखी बिल, किमान महिनाभराची बदलून देण्याची हमी आणि सगळ्या स्टिक एकाच पार्ट नंबरच्या, एवढं मागा. हातात आल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम एक रात्र चालवा.

एक सापळा सांगून ठेवतो. १२८, २५६ किंवा ५१२ जीबीची 'सर्व्हर रॅम' आश्चर्यकारक स्वस्त दिसली तर ती इंटेलची ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरी असण्याची शक्यता मोठी. ती डीडीआर४ च्याच स्लॉटमध्ये बसते, पण साधी रॅम नाही. ठरावीक झिऑन स्केलेबल प्रोसेसरबरोबर, शेजारी खरी रॅम असेल तरच चालते. इंटेलने २०२२ मध्ये हा धंदाच आवरता घ्यायचा निर्णय घेतला.

स्टिक बसवायची कशी?

मशीन बंद करून दोन्ही पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. वारा वळवणारं वरचं प्लास्टिकचं झाकण, म्हणजे एअर श्राउड, उचला. डेलमध्ये पांढऱ्या खिट्ट्यांचे स्लॉट आधी, काळे नंतर. एचपीईच्या जेन१० मध्ये चॅनलचा पहिला स्लॉट पांढरा असतो. दोन्ही खिट्ट्या उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. खिट्ट्या आपोआप टक् करून बंद झाल्या पाहिजेत. हाताने बंद कराव्या लागल्या तर स्टिक वरच राहिली आहे. श्राउड परत लावायला विसरू नका. त्याशिवाय मधल्या स्टिकना वारा लागत नाही.

कोकणपट्टीत दमट, खाऱ्या हवेमुळे जुन्या स्टिकच्या कडा काळवंडतात. खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडा, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं फडकं पुरतं.

नवी रॅम लावली आणि स्क्रीन काळीच आहे.

डीडीआर५ असेल तर थांबा. पहिल्या बूटच्या वेळी मशीन प्रत्येक चॅनलची वेळ जुळवून घेतं, आणि रॅम भरपूर असेल तर त्याला कित्येक मिनिटं लागतात. घाबरून मधेच वीज बंद केली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं झाली तरी काही नसेल तर आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओ (एचपीई) या सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवण्याच्या सोयीतली नोंद वाचा, आणि मग प्रत्येक प्रोसेसरला एकच स्टिक ठेवून सुरुवात करा.

सगळ्या स्टिक नीट बसल्या आहेत, तरी एक अख्खा चॅनल दिसत नाही.

रॅमला दोष देण्याआधी प्रोसेसर बघा. स्केलेबल झिऑनच्या मोठ्या सॉकेटमध्ये हीटसिंकचे स्क्रू असमान आवळले गेले किंवा एखादी पिन वाकली, तर नेमकी हीच लक्षणं दिसतात. स्क्रू लेबलवर दाखवलेल्या क्रमाने पुन्हा आवळा. पिना भिंगातून तपासा.

लॉगमध्ये दुरुस्त झालेल्या चुका दिसतात. स्टिक बदलावी का?

महिन्यातून एखादी असेल तर नोंद करून सोडून द्या. त्याच स्टिकवर रोज येत असतील तर आधी त्या स्टिकची शेजारच्या स्टिकशी अदलाबदल करा. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब. त्याच स्लॉटवर राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसर. नव्या सर्व्हरांत रीबूट करताना खराब रांगेच्या जागी राखीव रांग जोडण्याची सोय असते, त्यामुळे कधीकधी एका रीबूटने तक्रार थांबते. लिनक्सवर चुकांचा हिशेब आरएएसडीमन हा प्रोग्रॅम ठेवतो. तो चालू नसेल तर आजच चालू करा, कारण चुका कुठल्या स्टिकवर आल्या हे नंतर शोधणं कठीण जातं. दुरुस्त न होणारी चूक एकदा जरी आली तरी ती स्टिक काढा, आणि तिच्यावर पेनने तारीख टाकून बाजूला ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच कोणीतरी दुसऱ्या मशीनमध्ये लावतं.